चिखल्याच्या वाडीतली बंद शेड

निवृत्तीला काही वर्षं झाली, पण चिखल्याच्या वाडीतली ती बंद शेड अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक तेव्हा डहाणू भागात होती. तलासरीच्या एका जुन्या खबऱ्याने बातमी आणली की चिखले गावात चिकूच्या एका वाडीत शेड आहे, खिडक्या पत्र्याने बंद, आत दिवसरात्र पंखे घरघरतात आणि कॉम्प्युटर आत जाताना लोकांनी पाहिलेत. क्रिकेटचा मोसम होता. ऑनलाइन सट्टा असणार, असंच आम्ही धरून चाललो.

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि सकाळीच छापा घातला. आत सट्टेवाला कुणी नव्हता. लोखंडी मांडण्यांवर जुने कॉम्प्युटर चालू होते आणि तिशीतली एक बाई फडक्याने त्यांवरची धूळ पुसत होती. वाडी तिच्या सासरची. नवरा आदल्या वर्षी अपघातात गेलेला.

महिला पोलिसांसमोर मी चौकशी सुरू केली. इथे कोण काम करतं, याला तिचं एकच उत्तर होतं.

"सगळं मीच करते, साहेब. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका."

दोषी माणूस सहसा आपला वाटा कमी करून सांगतो. ही वाढवून सांगत होती. कॉम्प्युटरवर नेमकं काय चालतं, ते मात्र तिला सांगता येईना. म्हणजे ती कुणाला तरी पाठीशी घालतेय, हे नक्की. मी त्याचं नाव विचारत राहिलो. ती रडली नाही, पण पुढे केलेलं पाणीही तिने घेतलं नाही.

मशीन जप्त करणार, तेवढ्यात आमच्यासोबत आलेली सायबर सेलची हवालदार म्हणाली की आधी चालू असतानाच तपासू द्या. दुपारपर्यंत ती तिथेच बसून होती. मग तिने मला समजावलं. प्रत्येक कॉम्प्युटर आपला रिकामा वेळ आणि त्याचा दर इंटरनेटवर आपणहून जाहीर करत होता. जगात कुठेतरी कुणाला मोठी आकडेमोड करायची असली की तो असे अनेक दर बघून परवडेल ते कॉम्प्युटर भाड्याने घेई आणि काम त्यांच्यात वाटून देई.

"पण याचा म्होरक्या कोण?" मी विचारलं.

"म्होरक्या नाहीच, सर. मधे दलालसुद्धा नाही. यांच्या मिस्टरांनी एकदा लावून दिलं, ते अजून स्वतःच भाव सांगून कामं घेतंय."

वीजजोडणी रीतसर होती. चालू कामंही तपासली. कुणाच्या कार्टूनची चित्रं, कुणाचा हवामानाचा हिशोब.

हे सांगितल्यावर बाईने मला विचारलं,

"म्हणजे त्यांनी काही वाईट केलं नव्हतं?"

मग ती बोलली. भाऊबंद हसतील म्हणून नवऱ्याने बाहेर बोलू नको असं बजावलं होतं. तो गेल्यावरही दोघांच्या खात्यात परक्या ठिकाणांहून पैसे येत राहिले, तेव्हा हे काहीतरी चोरटं आहे असं तिच्या मनाने घेतलं. तरी त्याने मांडलेलं मोडायला हात धजेना. पोलीस आलेच तर आपण आत जायचं, गेलेल्या माणसाला कुणी चोर म्हणायला नको, असं तिने ठरवून टाकलं होतं. मी ज्याचं नाव विचारत होतो, तो माणूस हाच.

गुन्हा दाखल झाला नाही. निघताना ती म्हणाली, "हेच एकदा सासूबाईंना सांगाल का? माझं त्यांना खरं वाटणार नाही."

आम्ही घरी गेलो. हवालदारने सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाड्याने देत होता, एवढंच ना?" मी हो म्हटलं. तिने सुनेला जवळ बसवून घेतलं.

प्रत्येक गोष्टीमागे एक सूत्रधार शोधायची सवय आम्हाला नोकरीने लावलेली असते, आणि तो सापडला नाही की समोरच्या माणसावर आमचा संशय वाढतो. ही खोड मला त्या दिवशी कळली. दुसरी गोष्ट त्याहून साधी. संशय घेऊन आमची जीप दारात येते ती साऱ्या गावाला दिसते. संशय फिटला हे सांगायला मात्र कुणी परत जात नाही. पुढे जितकी वर्षं नोकरी केली, तितकी मी स्वतः जात राहिलो, दिवसाउजेडी आणि गणवेशात.