काय गाळलं त्याची ओळ

एखादी गोष्ट थोडक्यात सांगताना तिच्यातून काय गाळलंत, हे तुम्ही समोरच्याला कधी सांगता का? खरं बोला. मी नाही सांगत. सांगणारा माणूस मला आजवर एकच भेटला, आणि पंचाईत अशी की तो माझा घरमालक आहे. घरमालक या जमातीविरुद्ध मी कॉलेजपासून पत्रकं लिहीत आले आहे. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा पत्रकंच जास्त वाचली जायची, त्यामुळे हा रोग वंशपरंपरागत. इथे न्यूझीलंडमध्ये ओटाहुहुला स्टेशनजवळ या काकांच्या घराची मागची खोली घेतली, तेव्हा ऑकलंडमधल्या ओल आलेल्या भाड्याच्या घरांवरचं माझं आठ पानी पत्रक मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात दिलं. शत्रूला अंधारात ठेवू नये, हे माझं तत्त्व. संध्याकाळी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी त्याचं सार लिहून दिलं: ‘घराला ओल असेल तर ती काढा, नाहीतर घर भाड्यानं देऊ नका. गाळलेलं: राग, सात पानं.’ मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओल शोषणारं यंत्र आणून माझ्या खोलीत लावलं. माझ्या पत्रकाची मान्य झालेली ती पहिली मागणी.

काका तरुणपणी मुंबईला एका वकिलांच्या कचेरीत कारकून होते. शंभर वर्षांची खरेदीखतं वाचायची आणि जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते अर्ध्या पानात लिहायचं, हे त्यांचं काम. तिथल्या हेडक्लार्कनं त्यांना शिस्त लावली होती, की सार लिहिलं की खाली काय गाळलं त्याची ओळ आलीच पाहिजे, नाहीतर ते सार नव्हे, लबाडी. पुढे ते इकडे आले, ईस्ट टामाकीच्या एका गोदामात निवृत्त होईपर्यंत खोकी मोजली, पण ती ओळ सुटली नाही. डेअरीतून परत आले की दारातच जाहीर करतात, “दूध आणलं. गाळलेलं: दुकानासमोर उभं राहून खाल्लेलं एक आइस्क्रीम.” त्यावर काकू म्हणतात, “गाळलंत कुठे, ओठावर आहे की अजून!” डोंबिवलीहून थोरल्या भावाचा फोन येतो तो चाळीस मिनिटं चालतो. फोन ठेवून काका म्हणतात, “दादाचा गुडघा दुखतोय आणि त्याला एकटं वाटतंय. गाळलेलं: वहिनीविषयी तक्रारी. त्या खोट्या आहेत.” इथल्या मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांना पाहुण्यांची ओळख करून द्यायला सांगितलं. एका वाक्यात करून दिली आणि पुढे म्हणाले, “गाळलेलं: पाहुण्यांनी स्वतःविषयी लिहून पाठवलेली दोन पानं.” तेव्हापासून त्यांच्याकडे फक्त चपला नीट लावायचं काम असतं, आणि ते इथल्या रबरी सपाता, जँडल्ससुद्धा मापानुसार लावतात.

अशा माणसाच्या कुंपणापलीकडे एक स्कॉटिश वंशाच्या बाई राहाव्यात, आणि त्यांच्याकडे पूर्वजांच्या कागदांची पत्र्याची पेटी असावी, हा योगच. मृत्युपत्रं, लग्नाचे करार, कोर्टाचे हुकूम, भावांनी भावांना लिहिलेली कडू पत्रं. त्या वळणदार अक्षरापुढे आणि पानभर न संपणाऱ्या वाक्यांपुढे बाईंनी हात टेकले होते. काकांनी एक कागद भिंग लावून वाचला आणि लहान मुलासारखे नाचत घरात आले. “अगं, हे तर आपलंच! आपण नाही का लिहीत, जमीन दिली ती जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह? हे लोक कुरण, दलदल, मासे आणि जळण म्हणून खणायच्या मातीसकट देतात!” त्या दिवसापासून दर आठवड्याला एक कागद कुंपणावरून इकडे येई आणि त्याचं अर्धं पान तिकडे जाई. सार ते आधी मराठीत लिहीत, मग इंग्रजीत. मी कारण विचारलं. “इंग्रजीत न कळताही लिहिता येतं. मराठीत नाही येत,” म्हणाले. इंग्रजी प्रत टाइप करायचं काम माझ्याकडे होतं.

पेटीतला शेवटचा कागद आला तेव्हा बाईंचं घर विकलं गेलं होतं. एक्याऐंशीव्या वर्षी त्या रेस्ट होम म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात चालल्या होत्या, आणि त्याआधी सगळ्या गोताला जेवायला बोलावून त्यांना काकांची ही अर्धी पानं वाचून दाखवायची होती. त्या घराण्याची एक अभिमानाची गोष्ट होती: जमीनदारानं आमच्या पूर्वजांना झोपड्यांतून हुसकावलं, म्हणून आम्ही बोटीत बसून इथे आलो. काकांचं सार टाइप करताना मला पहिल्यांदाच खाली ती ओळ दिसली नाही. मी मूळ कागद उघडला. ती घरं रिकामी करण्याची नोटीस होती. बाईंच्या पूर्वजाची सही तिच्यावर होती खरी, पण हुसकावलेला म्हणून नव्हे, जमीनदाराचा कारभारी म्हणून. त्याचा मुलगा पुढे बोटीत बसला आणि वाटेत कुठेतरी गोष्टीनं बाजू बदलली. काकांनी लिहिलं होतं, ‘अकरा कुळांना जमीन सोडावी लागली.’ कुणी सोडायला लावली, ते नाही.

“काका, खालची ओळ?”

“जागा नव्हती.”

“अर्धं पान कोरं आहे!”

“हळू बोल गं,” काकू आतून म्हणाल्या. “तीन दिवस झोपले नाहीयेत ते.”

“म्हातारं माणूस आहे ते,” काका म्हणाले. “घर सोडून चाललंय. जाताना एवढी एकच गोष्ट बरोबर नेतंय. तुझं काय जातं?”

“माझं नाही, त्या अकरा घरांचं जातं.”

“ती माणसं कधीच मेली.”

“मग तो कारभारी जिवंत आहे का? त्याला कशाला सांभाळताय?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कागद घेऊन तसेच बाहेर पडले. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागोमाग गेले. बाईंनी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा तळाशी पाहिलं.

“शेवटची ओळ कुठाय? मी नेहमी तीच आधी वाचते.”

आयुष्यभर वीस पानांचं एक वाक्य करणाऱ्या माणसाला त्या दिवशी एका वाक्याची गोष्ट सांगायला वीस मिनिटं लागली. बाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, “अकरा म्हणालात. नावं आहेत त्यांची?”

“आहेत. मी नुसतं ‘अकरा कुळं’ लिहिलंय.”

“म्हणजे त्यानं घरातून काढलं आणि तुम्ही कागदातून.” त्यांनी कागद परत दिला. “सगळी लिहा. आणि त्यानं सही केली तेही.”

मला वाटलं काका आता कोसळतात. ते घरी आले, काकूंना म्हणाले, “हुश्श! पोहे कर,” आणि दोन बश्या खाऊन भर दुपारी आडवे झाले. त्यांचं घोरणं माझ्या खोलीपर्यंत येत होतं आणि इतकं गोड घोरणं मी ऐकलेलं नाही.

जेवणाच्या दिवशी ती जुन्या स्कॉटिश भाषेतली नावं कुणालाच उच्चारता येईनात, म्हणून वाचायला काकांनाच उभं केलं. एक पुतण्या कुरकुरला, “हे आजच कशाला, आंटी?” बाई म्हणाल्या, “आज सगळे आहात म्हणून. बस खाली.” काकांनी एकही गाळलं नाही. डोंबिवलीच्या उच्चारांत त्यांनी अकरा नावं वाचली. त्यात एक चार मुलांची विधवा होती, आणि एक म्हातारा होता, ज्याच्या नावापुढे कारभाऱ्यानं ‘अंथरुणाला खिळलेला’ असं लिहून तरी नोटीस दिली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग पुतण्यानंच उठून पाव्हलोव्हा केक कापला आणि पहिला तुकडा काकांना दिला. मी मात्र मनातल्या मनात माझी पत्रकं चाळत होते. त्या सगळ्यांत कष्टकरी जनता आहे, पीडित भाडेकरू आहेत, पण नावानिशी माणूस एकही नाही.

आता कुंपणापलीकडे नवं कुटुंब आलंय, भलं आहे, पण त्यांच्याकडे कागद नाहीत. काका दर गुरुवारी बस धरून बाईंकडे जातात. कधी त्या ओळखतात, कधी नाही. बाईंना ती नावं पाठ करायची होती. परवा अकरापैकी चारच आली.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरीही कपाटात कुठेतरी एखादं खरेदीखत किंवा वाटणीपत्र असेल. या रविवारी ते काढा. त्यात ‘कुळांसह’ किंवा ‘गडीमाणसांसह’ असा एखादा शब्द सापडेल. ती माणसं कोण होती, हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मिळतील तेवढी नावं पूर्ण लिहून ठेवा. पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका.