खुर्चीतला धवला

आमच्या सासूबाईंचे वरचे पुढचे दात गेले तेव्हा घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. हलत होते, ठणकत होते. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी हलक्या हाताने काढून दिले, पैसाही लागला नाही. नवे दात बसवायचं काम मात्र इथे होत नाही, ते बाहेर करून घ्या, म्हणाले. आम्ही बरं म्हणून चौकला घरी परतलो. सासूबाई भाकरी आमटीत कुस्करून खायला लागल्या. मी दातांचं काढलं की म्हणायच्या, "पोट भरतंय की गं. आता काय मला दाखवायला न्यायचीय?"

मीही विषय वाढवला नाही. खोटं कशाला बोलू, माझा जीव स्कूटीत अडकला होता. मी खोपोलीच्या एका कारखान्यात ऑफिसात बसते. रोज सकाळी हायवेवर धूळ खात टमटमची वाट बघायची, आणि आली की ती भरलेली. नवऱ्याचं गॅरेज आहे. म्हणजे जगाच्या गाड्या याने दुरुस्त करायच्या आणि घरच्या बाईने हात दाखवत उभं राहायचं! शेवटी भांडून भांडून स्कूटीसाठी पैसे बाजूला टाकायला लावले होते.

सासूबाई धवलारीण. आमच्याकडे लग्नात हळदीला धवला गातात, तो गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. देवांना आवतण देण्यापासून नवरीच्या अंगाला हळद लागेपर्यंत सगळं तिच्या तोंडून व्हायचं. आजूबाजूच्या गावांतून आमच्या सासूबाईंना बोलावणं यायचं. मी वाढले भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये. तिथे लग्न म्हणजे हॉल आणि टेपवरची सनई. इथे सून होऊन आले तरी हळदीत मी कायम भांड्यांत नाहीतर पाहुण्यांच्या चहात. धवला म्हणजे मागून येणारा आवाज, एवढंच मला माहीत.

दात गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत हळद होती. आम्ही दोघी गेलो. मांडवात मोबाइलला स्पीकर जोडून धवला लावला होता. सासूबाईंना कुणी पुढे बोलावलं नाही, त्याही गेल्या नाहीत. मागे खांबाला टेकून बसल्या आणि पदर तोंडावर धरला. मला वाटलं, उकडतंय. जवळ गेले तर पदराआड ओठ हलत होते. स्पीकरच्या बाईबरोबर त्या गात होत्या, आवाज न काढता. मधेच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "चल गं घरी. माझ्या तोंडातनं आता नुसती हवा जातेय."

इतके महिने मी भाकरीचा विचार करत होते आणि या बाईचं दुखणं भलतीकडेच होतं.

त्या रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "आईनं मागितलेत का दात?" नव्हतेच मागितले. तरी पुढच्या रविवारी आम्ही सासूबाईंना कर्जतजवळ दहिवलीच्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर कर्जतचीच, जुन्या घरातली मुलगी, वयाने माझ्याहून बरीच लहान. तिने दोन वाटा सांगितल्या. एक, काढता घालता येणारी कवळी. ती आमच्या आवाक्यात होती. दुसरी, हाडात स्क्रू बसवून पक्के दात. त्यांचा आकडा ऐकून नवरा खुर्चीत सरळ झाला. माझी स्कूटी मला लांब जाताना दिसली. मी पटकन म्हणाले, "कवळीच बरी."

कवळी पक्की करण्याआधी मेणात दात लावून बघतात, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी सासूबाईंबरोबर मी एकटीच होते. डॉक्टरने मेणाची कवळी तोंडात बसवली, आरसा दिला. दिसायला छानच! मग म्हणाली, "आजी, काहीतरी बोला, शब्द कसे येतात बघू."

"काय बोलू?"

"धवला म्हणा ना," मी म्हणाले. "त्याच्याचसाठी तर चाललंय सगळं."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरलेय. "येडी का खुळी गं तू? धवला असा कुठं बी बसून म्हणायचा नसतो. कुणाला तरी हळद लागली पायजे."

झालं! आता आली का पंचाईत? जे गाण्यासाठी दात करायचे, तेच गाऊन बघता येत नाही. डॉक्टर म्हणाली, "साठ, सत्तर म्हणा." सासूबाई शाळेतल्या पोरीसारख्या साठ, सत्तर म्हणाल्या. ठीक आलं. पण साठ-सत्तर म्हणायला का आम्ही चौकहून आलो होतो? माझं डोकं तापलं. काहीतरी पुटपुटत मी पर्स उचलली.

तेवढ्यात सासूबाईंनी डॉक्टरचा हात धरला. "लगीन झालंय काय गं तुझं?"

"नाही आजी. ठरलंय."

"ठरलंय ना? मग बोटभर हळद चालंल."

डॉक्टर आधी हसली, मग तिने माझ्याकडे बघितलं. मी लगेच जिना उतरले. खालच्या किराणा दुकानातून हळदीची पुडी आणली, नळाच्या पाण्यात चिमूटभर कालवली आणि त्या मुलीच्या दोन्ही गालांना लावली. सासूबाईंनी तिच्या आईचं, वडिलांचं, गावाचं, नवऱ्या मुलाचं नाव विचारून घेतलं. खुर्चीत पाठ ताठ केली. डोळे मिटले.

आणि गायला लागल्या.

काय सांगू! मी त्या बाईबरोबर एका घरात राहते. तिचं खोकणं, घोरणं, कोंबड्यांवर ओरडणं, सगळं ओळखते. हा आवाज मी ओळखत नव्हते. अगं बाई, हा होता कुठे इतकी वर्षं? तिने डोंगरावरचे देव बोलावले, नदीकाठचे बोलावले, शिवेवरचे बोलावले, गावोगावच्या देवींना नावाने हाक मारली, आणि एकेक जण जिना चढून त्या औषधाच्या वासाच्या खोलीत येतोय असं मला खरोखर वाटलं. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मग त्या डॉक्टरची आई आली गाण्यात, बाप आला, आत्ताच विचारून घेतलेली नावं अशी चपखल बसली, जणू जन्मापासून तिथेच होती. कुठे लिहिलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. एकाचा गाल सुजलेला होता, तोही गालाला हात लावून ऐकत होता. डॉक्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालावरची हळद ओघळत होती. मी हात जोडले होते. कधी जोडले, मला कळलं नाही.

मात्र मी बघत होते. सूर वर चढला की सासूबाईंचा अंगठा तोंडाशी जायचा. पदर सारखा केल्यासारखं करून त्या कवळी वर दाबायच्या, आणि सूर तुटू द्यायच्या नाहीत.

गाणं संपलं. सासूबाईंनी कवळी काढून डॉक्टरच्या हातात दिली आणि फटीतून हवा सोडत म्हणाल्या, "चालंल गं ही. लय झ्याक हाय. हीच करा."

माझं लक्ष डॉक्टरकडे गेलं. तिनेही अंगठा पाहिला होता. "पक्की केली की थोडी घट्ट बसेल," ती हळूच म्हणाली, "पण आजी सुरात इतक्या वर गेल्या की ती सुटणारच."

"पक्केच बसवा," मी म्हणाले. "स्क्रूचे."

"तुझी गाडी?" सासूबाई ताडकन म्हणाल्या.

"गाडी गेली खड्ड्यात. तुम्ही गप्प बसा."

डॉक्टरने सांगितलं की पक्क्या दातांना हिरडी चांगली लागते, आजींना मिशरी कायमची सोडावी लागेल. मी मनात म्हटलं, संपलं. दिवसातून चार वेळा मिशरी घासल्याशिवाय या बाईचा डोळा उघडत नाही. सासूबाई म्हणाल्या, "सोडली." तेवढंच. माझी स्कूटी त्यापुढे काहीच नव्हती.

परत येताना रिक्षात मला राहवलं नाही. "इतकं आत होतं, तर तोंड उघडून एकदा दात मागायचे नाहीत? आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

"मागायची सवय नाय गं. लोकाच्या लेकींना द्यायलाच जायचो आमी."

चौकचा फाटा आला. तेव्हा त्या माझ्याकडे न बघता, बाहेर बघत म्हणाल्या, "एक मागू काय? धवल्याला मागनं ओळ धरणारी बाई लागते. माझी मेली दोन वर्षांमागं. तू बसशील काय माझ्यामागं?"

मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हणाले, "बसेन."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पहिली ओळ पुटपुटून, मी म्हणायची वाट बघत राहिल्या.