समीरची तांब्याची पट्टी

लॅबमधलं काम पुढे सरकत नाही तेव्हा किस्से मात्र धडाधड तयार होतात. जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात समीरने तर त्यांचा ढीग लावलाय! तो सांगलीचा, मी नागपूरचा. लॅब एक, फ्लॅटही एकच. पळून जाणार कुठे?

*

समीरची पीएचडी तांब्यावरच्या लेपावर. वाफ थंड तांब्याला लागली की तिचं पाणी होतं, आणि ते तिथेच पसरून बसतं. मग मागून येणाऱ्या वाफेला गारवा मिळत नाही. लेप असला की पाण्याचे थेंब होतात आणि टपाटप घरंगळतात, जागा मोकळी! हे सगळं त्याने आमच्या घरमालकांना रंगवून सांगितलं.

ते म्हणाले, "भैया, हम जयपुरवाले पानी रोकने में लगे हैं, और आप भगा रहे हो!"

*

लेप लावणं सोपं, टिकवणं महाकठीण. एकदा सर बघायला आले. समीरने ऐटीत वाफ सोडली. थेंब झकास पळाले! सर खूश, चहा-बिस्किटं मागवली. चहा येईपर्यंत लेपाचे पापुद्रे खाली!

सर शांतपणे म्हणाले, "समीरजी, बिस्किट रहने दो."

जाताना बजावून गेले, पुढचा लेप टिकला नाही तर विषय बदलायचा. म्हणजे एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात! त्या दिवशी समीर जेवला नाही. मलाही फार वाईट वाटलं.

*

नव्या लेपाची पट्टी तो जिवापाड जपायचा. दिवाळीत लॅब बंद, तर पठ्ठ्या ती घरी घेऊन आला आणि कुकरच्या वाफेवर धरून बसला!

"अरे, भात करपला!" मी ओरडलो.

"करपू दे, लेप टिकतोय!"

*

त्याच दिवाळीत समीरची आई आली. सकाळी आम्ही दूध आणायला गेलो. परत येऊन बघतो तर काकू सिंकपाशी! देवाची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत केलेली, आणि आता हातात समीरची पट्टी. काथ्याने खसाखसा घासणं चालू!

समीर दुधाची पिशवी टाकून सिंककडे धावला.

काकू वैतागून म्हणाल्या, "काय रे हे असलं तांबं आणलंस? मघापासून घासतेय, उजळायचं नाव नाही. मेलं पाणीसुद्धा ठरत नाही त्याच्यावर, नुसते थेंब पळतायत!"