गिटारवाले भाऊ

भाऊंच्या घरच्या सदऱ्यांना गुंड्या नसत. कचेरीतून आले की कोट-शर्ट खुंटीवर आणि अंगात नाड्यांची बंदी. गुंडीचा ओरखडा गिटारीवर उठू नये, एवढ्यासाठी वहिनींनी अशा चार बंद्या शिवून दिल्या होत्या. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत लोक हसत. मीही हसले असते, पण मी भाऊंचं वाजवणं आधी ऐकलं आणि बंदी नंतर पाहिली.

ती गिटार कोपरीच्या एका म्हाताऱ्या सुताराने दीड वर्ष खपून केली होती. अंग शिसवीचं, वरची फळी पिवळसर देवदाराची, मधल्या गोल तोंडाभोवती शिंपल्याची बारीक वेल. फळीला पॉलिश मात्र नव्हतं. "तोंडावर पांघरूण घेऊन कुणी गातं का?" भाऊ म्हणत. मी शाळेत शिकवायचे. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या खोलीत जाऊन बसायचे आणि भाऊंनी भूप सुरू केला की वह्या तशाच राहायच्या. खर्जाची तार छेडून ते थांबत. मी मध्ये काही बोलले तर म्हणत, "बाई, ती संपू द्या. घाई तुमच्या शाळेत."

डोंबिवलीच्या गणपतीत एका कार्यकर्त्याने विचारलं, "देवापुढे हे विलायती कशाला?" भाऊ शांतपणे म्हणाले, "लाकूड सगळं इथलंच आहे. विलायती फक्त तारा आहेत. त्या काढून वाजवू का?" त्या दिवशी त्यांना आणखी दोन गाणी वाजवावी लागली.

मग रेडिओचं चाचणीसाठी बोलावणं आलं. या पत्राची त्यांनी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. चाचणी दसऱ्यानंतर चार दिवसांनी होती. खंडेनवमीला वहिनींनी माहेरच्या रीतीप्रमाणे विळी, अडकित्ता, शिवणाचं मशीन सगळं पुसून, तेल लावून पुजलं. शेजारी गिटारही मांडली. लाकूड कोरडं वाटलं म्हणून त्यांनी फळीला खोबरेल चोळलं, चांगलं दोनदा. "बघा बाई, कशी उजळली," त्या कौतुकाने म्हणाल्या.

भाऊंनी आल्यावर फळीवरून हात फिरवला. "छान केलंस," एवढंच म्हणाले. दसऱ्याला दुपारी त्यांनी खर्जाची तार छेडली. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा आवाज आला. वहिनी आत पुऱ्या लाटत होत्या. "हिला कळता कामा नये," भाऊ मला हळूच म्हणाले. "जन्मभर मनाला लावून घेईल." मी मान डोलावली.

मुरलेल्या तेलापुढे सुतारानेही हात टेकले. भाऊ तीच गिटार घेऊन गेले आणि नापास होऊन आले. घरी सांगितलं, "ऐनवेळी हात थरथरला गं." माझा जीव तुटत होता. नवी करून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "मग हिला काय कारण सांगू?" पुढे ते घरातच वाजवत राहिले, त्याच बसक्या आवाजावर. मला तेही वाजवणं आवडायचं.

भाऊ गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. महिन्याभराने वहिनींनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "वाजवता येत नाही हो मला," मी म्हटलं.

"नुसती तार छेडा."

मी छेडली. वहिनी ती संपेपर्यंत ऐकत राहिल्या. "आवाज मीच घालवला तिचा," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला लाटता लाटताच कळलं होतं मला. पण हे इतकं जपून लपवत होते, की कळलंय हे सांगायचा धीरच झाला नाही कधी. खरं सांगा, बसलाय ना आवाज?"

"छे हो," मी म्हटलं. "चांगला आहे की."

भाऊंना दिलेला शब्द मला तेव्हाही मोडवला नाही.