तुपातली कॉइल

म्हैसूरच्या आमच्या घरात एका श्रावणात काही दिवस देवाचा संचार होता. तो देव मी होतो.

झालं असं, की मी सिगरेट सोडली होती. आईच्या डोक्यावर हात ठेवून तशी शपथ घेतली होती आणि ती पाळतही होतो. मी ओढत होतो ते यंत्र, बॅटरीवर चालणारं, वाफ काढणारं. (त्यावर तेव्हा बंदी आलेली नव्हती, आणि शपथेत त्याचा उल्लेख नव्हता.) आई आणि माझी बायको सुनंदा, दोघींनाही याचा पत्ता नव्हता.

त्यातही मी त्याच्या आतली तापणारी कॉइल तयार आणणाऱ्यांपैकी नव्हे. सरस्वतीपुरममधल्या एका कॉलेजात मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना फिजिक्स शिकवतो. ओहमचा नियम ज्याच्या जिभेवर, त्याने कॉइल विकत आणायची? छट्! नायक्रोमची बारीक तार स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर गुंडाळायची, मीटर लावून रोध मोजायचा, मग बटण दाबून ती मधून लाल होत दोन्ही कडांकडे सारखी जाते की नाही ते बघायचं. एखादं वेटोळं आगाऊपणा करून आधीच पेटलं तर त्याला चिमट्याने दाबून सरळ करायचं. कॉइल मनासारखी उजळली की पोराचा पहिला नंबर आल्यासारखा आनंद व्हायचा मला. मग त्या वेटोळ्यातून कापसाची वात ओवायची आणि तिच्यावर सुगंधी द्रवाचे थेंब सोडायचे.

घोळ कापसात झाला. माझा खास कापूस संपला, आणि घरातला सगळा कापूस आईने वळून टाकला होता. श्रावण आला की ती फुलवाती वळते, तुपात भिजवते आणि डबा भरून देवघरात ठेवते. मी त्यातली एक उचलली. तूप दिसत होतं, नाही असं नाही. पण कॉइल तापली की ते उडून जाईल, असा माझा शास्त्रीय अंदाज होता.

उडून गेलंच ते. फक्त कुठे जाईल, याचा विचार मी केला नव्हता. मी हित्तलात, म्हणजे घरामागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर बसून झुरके घेत होतो. वर आईच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि आई आत जप करत होती.

"अगं सुनंदा," जेवताना आई म्हणाली, "आज दिवा लावायच्या आधीच निरांजनाचा वास आला बघ. छान, साजूक तुपाचा."

"हौदा?" सुनंदा म्हणाली. (म्हणजे 'हो का?'. आमच्या मराठीने पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचंच पाणी प्यायलंय.)

दुसऱ्या दिवशीही वास आला. मग रोजच येऊ लागला, कारण खरं सांगायचं तर मला ती चव आवडली होती आणि मी नेमाने डब्यात हात घालत होतो. आईने शेजारच्या पद्मक्काला सांगितलं, की आमच्याकडे देव येतोय. पद्मक्का मोठी भाविक, पण दुसऱ्याच्या घरी आलेल्या देवावर तिचा विश्वास नाही. तिने सुनंदाला बाजूला घेतलं.

"नसलेले वास येणं बरं नव्हे गं. माझ्या जावेचं असंच सुरू झालं होतं. पुढे ती माणसं ओळखेना."

सुनंदाला ऑफिसातून यायला उशीर होई, तोवर वास विरून गेलेला असे. तिला बिचारीला तो कधीच आला नाही. ती घाबरली.

"अहो, आईंना मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. मी शनिवारची वेळ घेतलीय."

"एवढी घाई कशाला? होतो एखाद्याला भास."

"म्हणजे तुम्हालाही भासच वाटतो ना?"

आता काय बोलणार? खरं सांगावं तर शपथेला बगल दिल्याचं पाप, वर देवघरातली चोरी. गप्प बसावं तर जन्मदात्रीला वेडी ठरवल्याचं पाप. मी सुवर्णमध्य काढला आणि गप्प बसलो.

शुक्रवारी संध्याकाळी पद्मक्का स्वतः खात्री करायला आली. सुनंदाही लवकर आली होती. आईने दोघींना वर आपल्या खोलीत नेलं आणि मलाही शेजारी बसवून घेतलं.

"तू पण बस रे. रोज या वेळेला कुठे नाहीसा होतोस कोण जाणे. थांबा स्वल्प, येईल आता."

देव तिच्या शेजारी बसून चिवडा खात होता, त्यामुळे तो येण्याचं काही लक्षण नव्हतं. बराच वेळ गेला. आईने पुन्हा पुन्हा श्वास ओढून पाहिला. पद्मक्काने सुनंदाकडे पाहिलं, सुनंदाने जमिनीकडे.

"नाही येत," आई हळूच म्हणाली. "म्हणजे माझंच डोकं गेलं असेल गं."

तिने ते इतक्या साधेपणाने म्हटलं, की मी चिवड्याची वाटी खाली ठेवली. मला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. "मोटर बंद करून येतो," म्हणत मी हित्तलात पळालो.

आईसाठी करायचं तर कसर कशाला ठेवायची? दुपारीच मी एक नवी कॉइल बांधली होती: जाड तार, मोजकी वेटोळी, रोध कमी, म्हणजे ताप जास्त. डब्यातली सगळ्यांत गलेलठ्ठ फुलवातही तिच्यात बसवून ठेवली होती. मी बटण दाबलं आणि छातीभर ओढून खिडकीकडे सोडलं.

"आला," वरून आईचा आवाज आला. "बघ पद्मक्का, आला की नाही?"

"हौदु कणे, खरंच आला," पद्मक्का म्हणाली. "अगदी साजूक."

तो आईचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी आणखी एक दणदणीत झुरका घेतला. तेवढ्यात वात पेटली. करपलेला कापूस आणि कढलेलं तूप एकदम घशाखाली गेलं, आणि मी खोकत खोकत दगडावरून खाली घसरलो. मागचं दार उघडलं. दारात तिघी, आणि समोर धुराच्या ढगात मी, हातात लालभडक कॉइल घेऊन.

"अय्यो," पद्मक्का म्हणाली, "देवाला खोकला झालाय."

आईने ते यंत्र माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि आत निरखून पाहिलं.

"ही माझ्या हातची वात आहे," ती म्हणाली. मग सुनंदाकडे वळली. "माझं नाक चांगलं शाबूत आहे. उद्याची वेळ मोडू नकोस. याला घेऊन जा."

गेलो. आईही सोबत आली. मुलाला डॉक्टरकडे न्यायचं म्हटल्यावर ती घरी थोडीच बसणार! डॉक्टरांनी माझी सगळी हकिकत तुपासकट ऐकून घेतली. फुप्फुसात तूप घालणाऱ्या माणसाला जे ऐकवायला हवं ते सगळं ऐकवलं, आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"कॉलेजात फिजिक्स शिकवतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आईकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, "आपण फिजिक्स शिकवतो असं यांना कधीपासून वाटतंय, अज्जी?"