कैसरच्या कोटाची बटणं

मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते कळत नाही. रोज झाडा, तरी आठवड्याने पिशवी भरतेच. दुकानातल्या किश्शांचंही तसंच आहे. अमेरिकेत, पार्सिपनीच्या आमच्या दुकानात मी सहा वर्षं मशीनवर बसलो, त्यातली एकाच टोळक्याची पिशवी आज उपडी करतो. कारण बाकीच्यांवर मी हसून मोकळा झालो, यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

दुकान माझ्या मुलाचं, शशीचं. २००२ मध्ये ले-ऑफ झाला, कॉम्प्युटर सुटला, तेव्हा त्याने ड्रायक्लीनिंग आणि आल्टरेशनचं दुकान घेतलं. मी पुणे कॅम्पातला मिलिटरी टेलर, शिक्षण सातवी नापास. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही फक्त पँटी आखूड करा."

"जन्मभर साहेबांचे कोट शिवले, आता पँटी होय रे?"

मग देवाने वॉल्टर पाठवला.

*

वॉल्टर आठवडाभर इन्शुरन्स विकायचा आणि रविवारी कॅप्टन व्हायचा. असे आठ-दहा जण होते. शंभर वर्षांपूर्वी, कैसरच्या राज्यात, जर्मन नौदलाचे अधिकारी जसे कपडे घालत तसे शिवून घ्यायचे आणि पार्कात उभं राहून फोटो काढायचे. छंद आहे, असू दे.

पण हा माणूस जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, उन्हाळी पांढरा कोट शिवायला आला. म्हटलं, ठीक आहे, उन्हाळ्याची आगाऊ तयारी असेल. तर गडी पुढच्याच रविवारी, आत दोन स्वेटर चढवून, पांढरा कोट घालून पार्कात हजर.

मी विचारलं, "साहेब, हा समर ड्रेस ना?"

म्हणाला, "मनात समर पाहिजे, वसंत."

बाहेरून दिसत होता मात्र दार न लागणाऱ्या फ्रीजसारखा.

*

त्यांचा लेफ्टनंट डेव्ह, पेशाने डेंटिस्ट. त्याला कोटाला सोनेरी वेलबुट्टी हवी होती. मी खूप समजावलं. अहो, पांढऱ्या कोटाची ऐट साधेपणात. पांढरं ड्रिलचं जाड कापड, उभी कॉलर, सोनेरी बटणं, खांद्यावर पट्ट्या, संपलं. टोपीलासुद्धा उन्हाळ्यात पांढरं कव्हर. बँडवाल्याला पाहिजे वेलबुट्टी.

रुसला. खांद्याच्या पट्ट्या स्वतःच लावून आला, त्याही उलट्या. पट्टीचं बटण गळ्याकडे असतं, याचं दंडाकडे. मी सांगितलं तर म्हणतो, "माझ्याकडे पुस्तकं आहेत."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही माझी दाढ उपटाल तेव्हा मी पुस्तक घेऊन येतो."

शशीने हे इंग्रजीत सांगायला नकार दिला.

*

खरं डोकं फिरलं ते बटणांवरून.

पांढरा कोट सारखा धुवावा लागतो, आणि धुताना धातूचं बटण तुटतं, नाहीतर कापडावर डाग पाडतं. म्हणून असं बटण शिवतच नाहीत. कापडाला छोटं काज करायचं, बटणाची कडी त्यातून आत घ्यायची, आणि आतून तारेची रिंग अडकवायची. रिंग काढली की बटण हातात. कोट धोब्याकडे, बटणं घरी. आमच्या कॅम्पात हेच, आणि कैसरच्या साहेबांचंही हेच. तिकडचे साहेब काय मळके हिंडत होते?

मी वॉल्टरच्या कोटाला तशीच रिंगांची बटणं लावली. त्याने एक हलवून पाहिलं. "लूज आहे. कुठल्याही अधिकाऱ्याचं बटण लूज नसतं. दोऱ्याने पक्कं शिव."

शिवलं. एक गोष्ट मात्र सवयीने झाली. पांढऱ्या कोटाच्या आतल्या खिशात लाल दोऱ्याने दोन ओळी काढायच्या, एक माझं नाव-गाव, एक धोब्याला सूचना, हे मी कॅम्पात चाळीस वर्षं केलं. हात आपोआप चालला.

*

मग वॉल्टर म्हणाला, कोट फार नवा दिसतो, चहात बुडवून जुनाट कर. नाटकासाठी असेल म्हणून मी हो म्हटलं. पण साधा चहा मला जमत नाही. आलं घातलं, वेलदोडा घातला, थोडा गवती चहाही.

महिन्याभराने ड्रायक्लीनिंगला आलेल्या बाईंकडून कळलं, की वॉल्टर तो कोट पणजोबांचा म्हणून दाखवत फिरतो! आणि वास आला की सांगतो, "त्यांचं जहाज पूर्वेकडे गेलं होतं ना."

माझी शिलाई, माझा चहा, आणि पणजोबा याचे!

*

आता हेल्गाबाई. ऐंशीच्या घरातल्या, आमच्या गल्लीतल्याच. एके दिवशी पिशवीतून पांढरा कोट काढून म्हणाल्या, "याची उशी शिवून द्या."

कोट आजोबांचा. खरोखर आजोबांचा, कैसरच्या नौदलातला. गावच्या लायब्ररीत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि काचेच्या एकाच कपाटात एकच कोट मावणार होता. बाईंची इच्छा, आजोबांचं नाव तिथे लागावं. पण कोट पारखायला लायब्ररीने बोलावला होता वॉल्टर. त्याने निकाल दिला, "नाटकातला कोट आहे. बटणंसुद्धा शिवलेली नाहीत." आणि शनिवारी कोट निवडणार होते, तेव्हा समोर ठेवणार होता आपल्या 'पणजोबांचा'!

मी कोट उलटा केला. आत रिंगा. बटणावर नांगर, नांगरावर मुकुट. मुकुट कैसरचा, तो गेला तसा बटणावरूनही गेला; म्हणजे कोट त्याच्याच काळातला. मी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. शशीला म्हटलं, "यांना सांग, उशी होणार नाही. शनिवारी लायब्ररीत मी येतो."

"अण्णा, तिथे काही बोलू नका हं. आपले कस्टमर आहेत ते."

"मला इंग्रजी कुठे येतं?"

*

शनिवारी आम्ही मागच्या रांगेत. टेबलावर दोन्ही कोट. वॉल्टर पणजोबांविषयी बोलत होता, शशी माझ्या कानात मराठी करून सांगत होता. लायब्ररीच्या बाई त्याचा कोट निरखत होत्या. वास घेतला, कपाळाला आठी पडली. आतला खिसा उलटला आणि थांबल्या. "इथे काहीतरी लिहिलंय."

वॉल्टर वाकला. मग म्हणाला, "जुनी जर्मन लिपी. शिंप्याच्या हातची. आता वाचणारे फार थोडे उरलेत."

बाईंनी विचारलं, "इथे कोणाला वाचता येईल?"

मी हात वर केला.

शशीने माझा शर्ट ओढला. "अण्णा, हात खाली."

वॉल्टरने मला तेव्हा पाहिलं. मी सावकाश पुढे गेलो, चष्मा पुसला, लावला, आणि शाळेत कधी वाचलं नाही इतकं स्वच्छ वाचलं:

"वसंत टेलर, पुणे कॅम्प. बटणं काढून धुणे."

मग म्हटलं, "शशी, सांग मॅडमना."

शशीने सांगितलं. वर रिंगांचं आणि धोब्याचंही सांगितलं.

लायब्ररीच्या बाईंनी वॉल्टरच्या कोटाचं बटण ओढून पाहिलं. पक्कं. मग हेल्गाबाईंचा कोट जवळ घेतला, आतून रिंग सरकवली, आणि मुकुटवालं बटण अलगद त्यांच्या तळहातावर आलं. त्यांनी ते परत लावलं आणि कोट उचलून कपाटाकडे निघाल्या.

हेल्गाबाईंनी डोळे पुसले, माझा हात धरला आणि विचारलं, "पण हे पुणे जर्मनीत नक्की कुठे येतं?"

मी म्हटलं, "आस्क वॉल्टरसाहेब."