जेवल्यावर घ्यायच्या गोळ्या

डॉक्टरांनी आईच्या हातातलं फडकं ओढलं, गाठ सोडली आणि टेबलावर झटकलं. गोळ्या घरंगळल्या. काही फरशीवर पडल्या. मी वेचायला वाकले, तर म्हणाले, "हात लावू नको."

भोकर तालुक्यातला एक दवाखाना. दुष्काळाचं साल. आईला क्षय होता आणि मी पाचवीत होते.

"एवढ्या गोळ्या उरल्या कशा?"

डॉक्टर कंपाउंडरकडे बघून म्हणाले, "या लोकांना फुकट मिळतं ना, किंमतच नाही. खोकत फिरतील, पण गोळी गिळणार नाहीत. नाव कापा हिचं." रांगेतले दोघं-तिघं हसले. आईनं पदर तोंडावर दाबला. तिला खोकला आला होता आणि तो त्यांच्यासमोर काढायचा नव्हता.

मलाही तेव्हा आईचाच राग आला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. बौद्धवाड्याच्या वाटेवर मी तिला फटकन विचारलं, "खाल्ल्या का न्हाईस मग?"

ती थांबली. "तूच वाचून दाखिवलंस न्हवं पुडीवरचं? दोन टाइम, जेवल्यावर. ज्या टायमाला जेवले, त्या टायमाला घेतली. एक बी चुकिवली न्हाई."

दुष्काळी खडीच्या कामावर मिळणारी सुकडीची भुकटी ती पदरात बांधून आणायची आणि आम्हा तिघा भावंडांना वाटायची. स्वतः बोटं चाटायची. त्याला ती जेवण म्हणत नसे. भाकरी पोटात गेली तरच जेवण. डॉक्टरांचा हुकूम तिनं तंतोतंत पाळला होता. आणि तो वाचून मी दाखवला होता. मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तसा.

पुढच्या सुगीआधी ती गेली.

लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या जागा भरल्या, मी नर्स होऊन तिकडे लागले. क्षयाच्या गोळ्या वाटायचं काम माझ्याकडेच आलं. गोळी टेबलावर घरंगळली की अजूनही माझे हात थांबतात. तो आवाज मला ओळखतो.

पावसानं पुन्हा दगा दिला त्या वर्षी किल्लारीकडचे एक म्हातारे आले. त्यांच्याही फडक्यात गोळ्या उरलेल्या. आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "लिहा सिस्टर, निष्काळजी. नाव कमी करा."

मी पेन खाली ठेवलं. "मी लिहिणार नाही, सर. आधी त्यांना विचारा, काल काय खाल्लं."

"नोकरी करायचीय ना?" साहेब एवढंच म्हणाले.

मग मीच विचारलं. म्हातारे खाली बघत बोलले, "च्या पिलो माय. जेवन न्हाई झालं."

मी पेन उचललं आणि त्यांच्या नावापुढे तेच लिहिलं. जेवण नाही झालं. खाली सही केली. गोळ्या त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "बाबा, पोट रिकामं असलं तरी गोळी घ्यायची." एवढं एक वाक्य माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मला मेमो मिळाला. आणखी मिळतील. पण निष्काळजी हा शब्द माझ्या हातानं कुठल्याही रोग्याच्या नावापुढे पडणार नाही. लिहायचाच झाला, तर ज्यानं विचारलं नाही त्याच्या नावापुढे लिहीन.